पटकी, पाणी आणि पेज

रत्नागिरीस पाऊस उदंड पडतो. तरी वैशाखांत विहिरी तळ गांठतात, कारण जांभ्या दगडांतून पाणी झिरपून जातें. मनुष्यदेहाचेंहि कांहींसें तसेंच आहे. त्याच्या भारांत निम्म्याहून अधिक पाणी. पण ज्वर, घाम, वांती किंवा अतिसार यांनीं तें जाऊं लागलें आणि भरून आलें नाहीं, तर देह शुष्क होतो. पटकींत हें कांहीं तासांतच घडतें.

१८१७ मध्यें बंगालमधील जेसोरकडे उसळलेली पटकी दुसऱ्याच वर्षीं मुंबईस पोहोंचली. पुढें रत्नागिरीचे चाकरमानी गिरण्यांत जाऊं लागले, आगबोटी सुरू झाल्या, आणि शहर व गांव यांतील अंतर तुटलें. माणसांच्या वाटेनें रोगासहि वाट मिळाली. लोक जरीमरीस नवस करीत. पाश्चात्य वैद्य रक्त काढीत व पारा देत. तहानेनें तळमळणाऱ्या रोग्यास पाणी मात्र पुष्कळदां वर्ज्य असे.

वास्तविक खुणा उघड होत्या : खोल गेलेले डोळे, कोरडी जीभ, क्षीण नाडी, बंद झालेली लघवी. वैद्य आजहि हेंच पाहतो. तो पोटाची कातडी चिमटींत धरून सोडतो. ती दोन सेकंदांनंतरहि पूर्ववत् न झाल्यास तें गंभीर लक्षण होय. वृद्धांत व कुपोषित मुलांत मात्र ही खूण फसवी ठरते. रोगी अधाशीपणें पितो तोंवर तोंडानें उपाय चालतो. ग्लानीनें पिईनासा झाला, म्हणजे शिरेंतूनच पाणी द्यावें लागतें.

हा शिरेंतील उपाय १८३२ मध्यें स्कॉटलंडांत थॉमस लॅटा यानें केला, पण तो मागें पडला. विसाव्या शतकाच्या आरंभीं लेनर्ड रॉजर्स यानें कलकत्त्यास त्याचें पुनरुज्जीवन केलें. तरी त्यास इस्पितळ हवें. मीठ व साखर एकत्र असल्यास आंतडें पाणी शोषून घेतें, हें १९६० नंतर स्पष्ट झालें. १९७१ मध्यें बनगांवच्या निर्वासितांत डॉक्टर दिलीप महालनबीस यांनीं असें द्रावण नातेवाइकांच्याच हातीं दिलें. मृत्यूचें प्रमाण शेंकडा ३० वरून ४ च्या आंत आलें.

पुढें साखरेऐवजीं तांदुळाचें पीठ घातलेलें द्रावणहि गुणकारी ठरलें. कोंकणच्या चुलीवर मीठ घातलेली पेज पिढ्यान्‌पिढ्या शिजतच होती. ती कांहीं मोजून केलेलें औषध नव्हे; पण जें तहानलेल्या ओठांपासून दूर ठेविलें जाई, त्याच जातीचा हा उपाय घरांत होता. आज एक लिटर स्वच्छ पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, एवढें प्रत्येक गृहिणीस करतां येतें. मात्र तें रोगी पिऊं शकतो तोंवरच दिलें पाहिजे.