होजिअरी कापडाची यंत्रशिलाई

जर्सी, रिब, इंटरलॉक यांसारखे फाशांच्या विणीचे कापड, तसेच लायक्रा घातलेले कापड यंत्रावर शिवण्याची पद्धती. कापड ताणले की टीपही ताणली गेली पाहिजे, ही तिची मुख्य अट.

साध्या शिलाई मशीनची सरळ टीप म्हणजे लॉकस्टिच (आयएसओ ४९१५ या मानकात क्रमांक ३०१). तीत वरचा आणि बॉबिनचा दोरा कापडाच्या जाडीत एकमेकांत अडकून जवळजवळ सरळ पसरतात. शिल्लक लांबी नसल्याने टी-शर्ट डोक्यातून घालताना गळ्याचे कापड शाबूत राहते आणि दोरा तटकन तुटतो. ओव्हरलॉकमध्ये (चार दोऱ्यांचा प्रकार क्र. ५१४) लूपरचे (दोऱ्याचे फास घालणाऱ्या आकड्यांचे) दोरे कडेभोवती सैल वेढे घेतात, ताण आला की हे वेढे लांबतात. अमेरिकेत जोसेफ मेरो यांनी १८८९ मध्ये अशा यंत्राचे पेटंट घेतले. खालच्या घडीसाठी कारखान्यांत क्र. ४०६ चा टाका वापरतात : वर दोन समांतर ओळी, खाली लूपरची जाळी. तिरुप्पूरसारख्या होजिअरी केंद्रांत हा टाका घालणाऱ्या यंत्राला सर्रास फ्लॅटलॉक म्हणतात.

घरच्या मशीनवर अरुंद झिगझॅग बहुतेक कामे निभावतो : रुंदी सुमारे अर्धा मिलिमीटर, लांबी अडीच. घडीला जोडसुई चालते, कारण तिचा बॉबिन-दोरा खाली नागमोडी जातो. दोन टाके पुढे, एक मागे असा तिहेरी टाका भक्कम खरा, पण त्याचे कौतुक जरा जास्तच होते. उसवताना पातळ जर्सीला भोके पडतात.

सगळीकडे ताणणारी टीप घालणेही चूकच. खांद्यावर कपड्याचे सगळे वजन येते, म्हणून तिथे टिपेत अरुंद फीत घालून ताण मुद्दाम रोखतात.

सुई गोल टोकाची हवी. धारदार टोक फासा कापते आणि धुतल्यावर तिथून वीण निसटते. लायक्राचे कापड सुईबरोबर खालीवर होते, त्यामुळे दोऱ्याचा फास नीट बनत नाही, हूक तो चुकवतो आणि टाके सुटतात. त्यासाठी स्ट्रेच सुई मिळते. टीप लाटांसारखी झाली तर प्रेसर फूटचा दाब कमी करावा. ओव्हरलॉकवर डिफरन्शियल फीड (पुढचे-मागचे दाते वेगळ्या वेगाने कापड सरकवतात ती सोय) वाढवावा. शिवायच्या कापडाच्याच तुकड्यावर आडवी आणि उभी टीप मारून ओढून पाहावी, कारण बहुतेक जर्सी आडवी जास्त ताणली जाते.