खडकात उभा केलेला रूळ

पुलाच्या पाइलचं, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या खांबाचं, मॉडेल संगणकावर करताना भोवतीचा खडक काढून टाकतात आणि त्याच्या जागी आडव्या स्प्रिंगांची रांग लावतात. प्रत्येक स्प्रिंगला एक आकडा द्यायचा : इतका रेटा आला तर खडक बाजूला इतका सरकेल. या स्प्रिंगचं कूळ शोधत मागे गेलं की खडक कुठेच भेटत नाही. भेटते ती आगगाडी.

१८६७ साली प्रागच्या पॉलिटेक्निकात शिकवणाऱ्या एमिल विंकलरने एक सोयीची गोष्ट गृहीत धरली. रुळाखालची जमीन जिथे जितकी दबेल, तिथे तितक्याच प्रमाणात उलटा रेटा देईल. शेजारी काय चाललंय याच्याशी तिला देणंघेणं नाही. रूळ म्हणजे लांबलचक बीम, खाली स्प्रिंगा. पाइल म्हणजे हाच रूळ उभा करून जमिनीत रोवलेला. चाकाच्या वजनाऐवजी वारा, लाटा, भूकंप.

या पितृत्वावर दुसरा दावा आहे. रशियन ग्रंथांत ‘फुस-विंकलर’ असं जोडनाव सापडतं. ऑयलरचा सहायक निकोलाउस फुस याने अठराव्या शतकाच्या अखेरीस रस्त्यात रुतणाऱ्या गाडीच्या चाकाचं गणित मांडलं होतं आणि त्यातही रेटा रुतण्याच्या प्रमाणातच होता. कल्पना जुनी, हे कबूल. पण चाक आणि माती यांच्यामध्ये वाकणारा बीम नाही, आणि माझ्या मते वारसा ठरतो तो बीमवरूनच.

कारण बीम आला की चतुर्थमूळ येतं. बीममधला वाकवणारा मोमेंट स्प्रिंगच्या ताठपणाच्या चतुर्थमुळावर ठरतो. ताठपणा १६ पट चुकला, तरी मोमेंट चुकतो फक्त दुपटीने. इतकी माफी देणारं गणित असल्यावर अजागळ गृहीतकही दीडशे वर्षं टिकतं. स्प्रिंग टिकली ती खडक तसा वागतो म्हणून नव्हे, तर चुका पोटात घालते म्हणून. विरोधक म्हणतात, ती टिकली सोपेपणामुळे. सोपी गृहीतकं डझनांनी मेली आहेत. जगली ती माफ करणारी.

माफीला मर्यादा आहे. त्याच १६ पट चुकीने पाइलच्या माथ्याचं सरकणं ८ पट चुकतं. कार्ल तेर्झागीने, जो योगायोगाने प्रागमध्येच जन्मला, १९५५ साली स्प्रिंगच्या ताठपणाच्या आकड्यांचे तक्ते दिले, पण विस्थापनाचा अंदाज काढायला ते वापरू नका, असंही बजावलं. तक्ते उचलले गेले, ताकीद मागे राहिली. पाइलसाठीच्या आपल्या भारतीय मानकात, आयएस २९११ मध्येही, घट्ट चिकणमातीसाठी ३० सेंटीमीटर चौकोनी प्लेटवर मोजलेल्या आकड्यापासूनच हिशोब सुरू होतो.

पुढचा टप्पा तेलाचा, म्हणजे समुद्रात उभ्या राहणाऱ्या तेलफलाटांच्या पाइलचा. १९७० साली मॅटलॉकने मऊ चिकणमातीसाठी सरळ स्प्रिंगऐवजी ‘पी-वाय’ वक्ररेषा दिली : पी म्हणजे रेटा, वाय म्हणजे सरकणं. खडकाची पाळी आली १९९७ मध्ये, लायमन रीझच्या हातून. कमकुवत खडकासाठीची त्याची रीत मुख्यतः दोन ठिकाणच्या चाचण्यांवर उभी आहे : फ्लोरिडातल्या इस्लामोराडाचा प्रवाळी चुनखडक आणि सॅन फ्रान्सिस्कोचा वालुकाश्म. रीझने स्वतःच तिला तात्पुरती म्हटलं होतं.

तिच्यात खडकाच्या ताकदीला लावायचा एक चमत्कारिक गुणक आहे. बोअरमधून काढलेल्या कोअरमध्ये १० सेंटीमीटरहून लांब तुकडे किती टक्के, म्हणजे आरक्यूडी, त्यावर तो ठरतो. आरक्यूडी १०० असेल, म्हणजे खडक अखंड, तर गुणक एक तृतीयांश. आरक्यूडी शून्य, म्हणजे खडक चुरा, तर पूर्ण १! उलटं वाटतं, पण तर्क असा की अखंड ठिसूळ खडक पाइल जरा सरकताच तडकतो आणि ताकद घालवतो. आधीच फुटलेल्याकडे घालवायला फारसं काही नसतं. मला हा तर्क अर्धा पटतो. फुटक्या खडकातून चाचणीसाठी धड तुकडा मिळतो तो बहुधा त्यातला सर्वांत मजबूत असतो, आणि त्याचीच ताकद सगळ्या खडकाच्या नावावर चढते.

मुंबईच्या ब्रेशियात किंवा टफमध्ये पाइलचा सॉकेट, म्हणजे खडकात बसवलेला भाग, घेताना याचा सरळ अर्थ निघतो. प्रयोगशाळेतल्या धड तुकड्याचा ताठपणा आणि सांध्या-भेगांसकट खडकाचा ताठपणा यांत कित्येक पटींचा फरक असू शकतो. म्हणून स्प्रिंगचा आकडा एकदा निम्मा, एकदा दुप्पट करून मॉडेल चालवावं. या पट्ट्यात मोमेंट विसेक टक्क्यांनीच हलतो, तेव्हा सळईचा हिशोब निभावतो. पण पाइलचा माथा किती मिलिमीटर सरकेल यावर वरच्या बेअरिंगचं भवितव्य असेल, तर रुळाकडून उसना घेतलेला आकडा पुरत नाही. तिथे जागेवर पाइल आडवा ढकलून मोजायचा खर्च मालकाकडून मंजूर करून घ्यावा.