घर्षण बिजागरी

उघडलेला भाग हात काढल्यावर त्याच कोनात थांबावा, यासाठी जिच्यात मुद्दाम घर्षण योजलेले असते अशी बिजागरी. दाराच्या बिजागरीत घर्षण हा दोष मानला जातो आणि तेल घालून तो घालवतात. लॅपटॉपचा पडदा, गाडीतला मिटणारा स्क्रीन, रुग्णालयातील उपकरणांचे पडदे किंवा घडीचा फोन यांच्यात मात्र घर्षण हेच काम करणारे अंग असते. त्यामुळे अशा बिजागरीचे आयुष्य ती तुटते कधी यावर मोजत नाहीत; तिचा टॉर्क (फिरवण्यास लागणारा जोर) ठरलेल्या मर्यादांत किती काळ राहतो, यावर मोजतात. प्रस्तुत नोंद मुख्यतः लॅपटॉपच्या बिजागरीविषयी आहे.

इतिहास : पडदा कळफलकावर मिटणारा पहिला संगणक म्हणून बहुधा ‘ग्रिड कंपास’चा (१९८२) उल्लेख होतो. ब्रिटिश अभिकल्पक बिल मॉग्रिज यांनी तो घडवला. कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे होते आणि अमेरिकेच्या अंतराळयानांतही तो वापरला गेला. अग्रमानाबद्दल इतर यंत्रांचेही दावे आहेत. पुढील टप्प्यांत ‘स्टारटॅक’ हा मिटणारा फोन (१९९६), पडदा पूर्ण उलटा फिरवू देणारा लेनोव्होचा ‘योगा’ (२०१२) आणि घड्याळाच्या पट्ट्यासारखी ८०० हून अधिक सुट्या भागांची बिजागरी असलेला ‘योगा ३ प्रो’ (२०१४) यांची नोंद घ्यावी लागते.

टॉर्कच्या मर्यादा : पडद्याचे वजन ६०० ग्रॅम असून त्याचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून ११ सेंमी.वर आहे, असे धरू. पडदा आडवा असताना बिजागरीवर सुमारे ०.६५ न्यूटन-मीटर भार येतो; त्याहून कमी टॉर्क असेल तर पडदा खाली पडेल. उलट बाजूने, खालच्या भागाचे वजन ९०० ग्रॅम आणि त्याचा गुरुत्वमध्य मागच्या पायांपासून तेवढ्याच अंतरावर असेल, तर टॉर्क ०.९७ च्या पुढे जाताच पडदा उघडताना सगळा लॅपटॉपच उचलला जाईल. म्हणजे काम ०.६५ ते ०.९७ या पट्ट्यातच भागवायचे. मधला ०.८ हा आकडा घेतला आणि उत्पादनातील फरक अधिक-उणे २०% धरला, तर हा पट्टा जवळजवळ पुरा भरतो. झिजेसाठी जागाच उरत नाही. टिकाऊपणाचा प्रश्न खरा सुरू होतो तो येथे. लॅपटॉप पातळ आणि हलका होत जातो तसा खालच्या भागाचा तोल कमी होतो व हा पट्टा आणखी आक्रसतो, ही गोष्ट ग्राहकांसाठीच्या परीक्षणांत क्वचितच येते.

चकत्यांची रचना : सर्वांत प्रचलित रचनेत पोलादी दांडीवर घर्षणाच्या चकत्या ओवलेल्या असतात, एक दांडीबरोबर फिरते, शेजारची चौकटीला अडकून स्थिर राहते. टोकाला उथळ शंकूच्या आकाराच्या स्प्रिंग-चकत्या आणि नट असतो. टॉर्क म्हणजे घर्षणांक, दाब, सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठांची संख्या यांचा गुणाकार. वरील उदाहरणात दोन बिजागऱ्यांपैकी प्रत्येकीला ०.४ न्यूटन-मीटर हवे. घर्षणांक ०.१२, त्रिज्या २.५ मिमी. आणि चार पृष्ठे घेतल्यास ३३३ न्यूटन, म्हणजे साधारण ३४ किलो वजनाइतका दाब करंगळीच्या नखाएवढ्या जागेत कायम धरून ठेवावा लागतो.

या दाबाची राखण स्प्रिंग-चकतीकडे असते. ज्यूल्यँ बेलव्हिल या फ्रेंच गृहस्थांनी १८६७ मध्ये तिचे पेटंट घेतले; तिच्या गणिताची आजही वापरात असलेली सूत्रे आल्मेन व लास्लो यांनी १९३६ मध्ये मांडली. या चकतीच्या शंकूची उंची जाडीच्या सुमारे १.४ पट ठेवली, की ती सपाट होत येताना दाब जवळजवळ स्थिर राहतो. चकत्या थोड्या झिजल्या, स्प्रिंग थोडी सैल झाली, तरी टॉर्क फारसा उतरत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते या बिजागरीतील सर्वांत सुंदर गोष्ट हीच.

सरळ प्रमाणात दबणारी स्प्रिंग घेतली तरी उपाय आहे. चार पृष्ठे प्रत्येकी ५ मायक्रॉन झिजली, तर थर २० मायक्रॉनने उतरतो. पूर्ण दाबाला ०.२ मिमी. दबणारी एकच ताठ चकती असेल, तर दाब १०% घटतो. तशाच चार चकत्या एकाआड एक उलट्या लावल्या, तर एकूण दबणे ०.८ मिमी. होते आणि घट अडीच टक्क्यांवर येते. किमतीत काही पैशांचा फरक पडतो आणि बिजागरीची लांबी थोडी वाढते. ती लांबीच द्यायला अभिकल्पक तयार नसतो.

झीज व वंगण : झिजेचे प्रमाण दाब आणि घासले गेलेले अंतर यांच्यासह वाढते व पृष्ठाच्या कठीणपणासह घटते (आर्चर्ड यांचा नियम, १९५३). पडदा १२० अंशांत २०,००० वेळा उघडून मिटला, तर अडीच मिमी. त्रिज्येवर सुमारे २०० मीटर घासणे होते. अंतर फार नाही. पण पोलादावर कोरडे पोलाद तेवढ्यातही ओरखडते व एकमेकांना चिकटते. म्हणून दोन्ही पृष्ठांचा कठीणपणा वेगळा ठेवतात आणि चकतीत छिद्रे किंवा खाचा पाडून ग्रीस साठवतात. ग्रीस घर्षण घटवण्याइतकेच ते सारखे राखण्यासाठी असते. ते वाळले किंवा बाहेर फेकले गेले, की स्थिर आणि चालत्या घर्षणातील अंतर वाढते, पडदा अडखळत सरकतो आणि करकरतो. नव्या बिजागरीचा टॉर्क पहिल्या काही फेऱ्यांत उतरून मग स्थिरावतो. चांगले उत्पादक या फेऱ्या कारखान्यातच फिरवून घेतात.

पट्टीची रचना : दांडीभोवती आवळलेली पोलादी पट्टी. एका दिशेला पट्टी सैलावते, दुसऱ्या दिशेला अधिक घट्ट बसते. म्हणून उघडताना हलकी आणि मिटताना जड अशी बिजागरी हिच्यात सहज साधते. वर सांगितलेला अरुंद पट्टा त्यामुळे रुंदावतो.

बैठक : दुरुस्तीला येणाऱ्या लॅपटॉपमध्ये ‘हिंज तुटली’ म्हणून सांगितले जाते तेव्हा बिजागरी बहुधा शाबूत असते. प्लॅस्टिकच्या कवचात बिजागरीच्या स्क्रूंसाठी पितळेच्या आट्यांच्या नळ्या बसवलेल्या असतात, त्या उपटून आलेल्या असतात. ग्रीस आटून टॉर्क वाढतो. पडदा एका कोपऱ्याला धरून उघडला, की जवळजवळ सगळा भार एकाच बैठकीवर येतो आणि नळीभोवतीचे प्लॅस्टिक तडकते. स्क्रूंमधील अंतर दुप्पट केले, तर त्यांच्यावरील ओढ निम्मी होते. बिजागरीचा पाय लांब ठेवून धातूच्या चौकटीत बसवणे हा खात्रीचा उपाय आहे आणि स्वस्त लॅपटॉपमध्ये काटकसर नेमकी येथेच केली जाते. हजारो फेऱ्या टिकणारी बिजागरी दोन-तीन मिलिमीटर प्लॅस्टिकवर टांगणे हा सरळसरळ चुकीचा अभिकल्प आहे.

केबल : बिजागरीतून जाणारी पडद्याची केबल हाही झिजेचाच भाग. अॅपलच्या २०१६ च्या ‘मॅकबुक प्रो’मध्ये आखूड केबल घासली जाऊन पडद्याच्या तळाशी प्रकाशाचे डाग दिसू लागले. कंपनीने २०१९ मध्ये १३ इंची नमुन्यासाठी मोफत दुरुस्ती जाहीर केली; २०१८ च्या यंत्रांत केबल सुमारे २ मिमी. लांब आढळली.

घडीचे फोन : यांत अनेकदा दोन समांतर दांड्या दंतचक्रांनी जोडलेल्या असतात, जेणेकरून दोन्ही अर्धे सारखेच वळतात. थांबवण्याचे काम स्प्रिंगने दाबलेले कॅम करतात. सॅमसंगच्या ‘गॅलेक्सी फोल्ड’चे एप्रिल २०१९ मधील वितरण परीक्षकांचे काही फोन बिघडल्यामुळे पुढे ढकलावे लागले, बिजागरीच्या फटींतून शिरलेला कचरा हे एक कारण होते. सप्टेंबरमध्ये आलेल्या सुधारित फोनमध्ये या फटी टोप्यांनी झाकल्या होत्या. २०२० च्या ‘झेड फ्लिप’मध्ये धूळ अडवण्यासाठी नायलॉनच्या तंतूंचे बारीक ब्रश बसवले गेले. दिवसाला १०० वेळा उघडझाप धरल्यास कंपनीने सांगितलेल्या २ लाख घड्या सुमारे साडेपाच वर्षे पुरतात. ‘फोल्ड’च्या एका जाहीर यांत्रिक चाचणीत फोन सुमारे १ लाख २० हजार घड्यांनंतर निकामी झाला, मात्र यंत्राचा वेग हाताच्या वेगाहून बराच जास्त असल्याने दोन्ही आकड्यांची थेट तुलना करता येत नाही.

चाचणी : लॅपटॉपसाठी साधारण २० ते ३० हजार फेऱ्या. धूळ, दमट हवा आणि एका कोपऱ्याने उघडणे या तिन्हींचा चाचणीत समावेश असावयास हवा.

उत्पादन : मुख्यतः तैवान, चीन, दक्षिण कोरिया, जपान व अमेरिका.

दुरुस्ती : मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत उपटलेली नळी दोन भागांच्या इपॉक्सीने पुन्हा बसवून देतात. जाणता कारागीर त्याआधी बिजागरीचा नट किंचित सैल करतो. टॉर्क न उतरवता नुसती नळी चिकटवली, तर तोच भार नव्या सांध्यावर येतो आणि सांधा पुन्हा उखडतो.