आपली किटली पाणी उकळत नाही

हॉस्टेलवर आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी इलेक्ट्रिक किटली जाळली. दूध, साखर, चहापत्ती सगळं एकदम टाकलं. फेस झाकणातून बाहेर आला, तळाला काळा थर बसला. फोनवर आई म्हणाली, "अगं, त्यात फक्त पाणी उकळायचं असतं."

मागून बाबा म्हणाले, "आमच्या किटलीत तेही उकळत नव्हतं." शाळेत असताना बाबा दुपारी एका टपरीचा चहा दुकानांत पोचवायचे. चहा उकळायचा पातेल्यात. फडक्यातून गाळून ॲल्युमिनियमच्या किटलीत यायचा. इंग्रजांची किटली पाणी उकळते आणि चहा वेगळ्या टीपॉटमध्ये मुरतो. आपण शब्द घेतला, काम बदललं.

त्यांची पद्धत शिकवायचा प्रयत्न भरपूर झाला. १९०३ च्या कायद्याने निर्यातीच्या चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. १९३० च्या दशकात मंदी आली तेव्हा देशातल्या गिऱ्हाइकावर जोर वाढला. प्रचारक चहा करून दाखवत: पत्तीवर उकळतं पाणी ओता, मुरू द्या, मग दूध घाला. टपरीवाल्याला एवढी पत्ती परवडेना. त्याने थोडीच पत्ती दूध-साखरेत खळखळून उकळली. त्याच दशकात आसामात विल्यम मॅककर्चर यांनी सीटीसी यंत्र आणलं. त्यातून निघणारी दाणेदार पत्ती पटकन रंग सोडते. पुढे ती स्वस्तात सगळीकडे पोचली आणि उकळलेला चहाच आपला चहा ठरला.

तिकडे ब्रिटनमध्ये १९५५ साली रसेल हॉब्सची आपोआप बंद होणारी किटली आली. पाणी उकळलं की वाफ दोन धातूंच्या पट्टीपर्यंत जाते. एक धातू जास्त प्रसरण पावतो, पट्टी वाकते, वीज तुटते. पट्टीला फक्त वाफ कळते. दूध मात्र वाफ पुरेशी होण्याआधीच फेसाळून वर येतं, तळाशी चिकटून करपतं. म्हणजे चूक किटलीची नव्हती.

त्या पट्टीमुळे तिकडे किटलीजवळ उभं राहायची गरज उरली नाही. आपल्याकडे किटली अजून कुणीतरी उचलून नेतं. बाबा आजही टपरीवर चहा घेताना किटली आणणाऱ्या मुलाला आधी विचारतात, "कितवीत आहेस रे?"

मुलगा बहुतेक वेळा उत्तर देत नाही. ग्लास भरतो आणि पुढच्या दुकानात जातो.