बाह्य भिंतींचे सांधे भरणे
बाह्य भिंतींचे सांधे भरणे ही घराला बाहेरून पुन्हा रंग देण्यापूर्वी, पावसाचे पाणी आत झिरपू नये म्हणून केली जाणारी प्रक्रिया आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या बऱ्याच भागांत बेसाल्ट खडकापासून बनलेली काळी माती आढळते. ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे पाया उथळ असल्यास भिंतींना तडे जातात आणि दारे-खिडक्यांच्या चौकटींलगतचे सांधे उघडतात. अशा हलत्या सांध्यांत भरलेले सिमेंट पुन्हा तडकते, म्हणून लवचिक ॲक्रिलिक सीलंट वापरतात. सिलिकॉन सीलंटवर रंग सहसा धरत नाही. सांधा खरवडून, धूळ काढून व भिंत कोरडी असताना सीलंट भरतात. तो वाळल्यावर रंग देतात. भेग रुंदावत असल्यास मात्र आधी पाया तपासणे आवश्यक असते. केवळ भरून रंगविल्याने दोष झाकला जातो, दूर होत नाही.