दमणगंगेकाठचा विहार

पुण्याच्या दरबाराने १७७९ च्या तहान्वये पोर्तुगीज फिरंग्यांना वर्षाकाठी १२,००० रुपयांचा वसूल तोडून देण्याचे मान्य केले आणि पुढे १७८३ मध्ये त्यापोटी नगरहवेलीची गावे त्यांच्या हवाली झाली, तेव्हा दोन्ही पक्षांच्या दप्तरी हा परगणा म्हणजे महसुलाचा एक आकडा होता. आज त्याच मुलखात शनिवार-रविवारी मुंबई-सुरतेकडील कुटुंबे दुधनीच्या पाण्यावर नौकाविहारास येतात, सातमालियाच्या वनात हरणे आणि वासोण्यास सिंह पाहतात, दादऱ्याच्या वनगंगा तलावावरील लाकडी पुलांवरून हिंडतात. हा विहार नेत्रसुखद आहे यात शंका नाही. परंतु त्याचा इतिहास लिहिताना आरंभ दमणगंगेवरील मधुबन धरणापासून करणे मला अन्यायाचे वाटते, कारण धरणाच्या कितीतरी पिढ्या आधी येथल्या वारली, कोकणा आणि धोडिया लोकांनी या नदीला आणि अरण्याला आपल्या आनंदाचे स्थान केले होते.

दमणगंगा नाशिक जिल्ह्यातील सह्याद्रीत उगम पावते आणि दमणजवळ समुद्रास मिळते. पहिल्या पावसात ओढे फुगले की अंडी घालण्यासाठी मासे प्रवाहाच्या उलट चढू लागतात. त्या वळगणीच्या माशांसाठी लहानथोर सारे पाण्यात उतरत, आणि त्या दिवसाला पोटाचा उद्योग म्हणावे की क्रीडा म्हणावे हे ठरवणे कठीण होई. भात कापून घरी आले की तारप्याच्या रात्री येत. वाळवलेल्या दुधी भोपळ्याला बांबूच्या दोन नळ्या जोडून, त्यांच्या टोकास ताडाच्या पानांचा लांब कर्णा बसवून, सांधे मेणाने बुजवून हे वाद्य सिद्ध होते. वादक श्वास मध्येच न तोडता ते वाजवीत राहतो, आणि एकमेकांच्या कमरेभोवती हात गुंफलेली नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती अशी फिरते की तारप्याकडे कोणाचीही पाठ होत नाही. सुरांचा ठेका बदलला की पावले बदलतात. घुंगरकाठी आपटीत पुढे चालणाऱ्याने इशारा केला की साखळी वळते. येथे नाचणारे आणि पाहणारे असे दोन वर्ग नसतात, आणि माझ्या मते आजच्या पर्यटनाहून या विहाराचे वेगळेपण त्यातच आहे.

पोर्तुगीज अंमलात सिल्वासा १८८५ मध्ये कारभाराचे ठाणे झाले. सागाची वने सरकारच्या ताब्यात राहिली, आणि ‘आल्वारा’ नावाच्या सनदांनी मोठमोठ्या जमिनी अशांच्या हाती गेल्या की त्यांचा नांगराशी फारसा संबंध नव्हता. ज्याचे पूर्वज त्या जमिनी कसत आले तो आदिवासी कूळ आणि मजूर ठरला. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी, ज्यांत सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी माणसे होती, दादरा, नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त केले. १९६१ मध्ये हा प्रदेश भारतीय संघराज्यात रीतसर विलीन झाला, तरी आल्वारा पद्धतीला हात घालणारा जमीनसुधारणेचा कायदा येण्यास १९७१ साल उजाडावे लागले.

त्यानंतर लवकरच मधुबन येथे धरणाचे काम सुरू झाले. गुजरात, तत्कालीन गोवा-दमण-दीव आणि दादरा-नगरहवेली यांच्या या संयुक्त प्रकल्पाने शेतीला कालवे आणि वाढत्या कारखान्यांना पाणी दिले, आणि खानवेलच्या पुढे दुधनी, कौंचा यांच्या परिसरात टेकड्यांच्या पायथ्याशी पसरलेला, अनेक फाटे फुटलेला जलाशय निर्माण केला. प्रवासी या दृश्याला काश्मीरची उपमा देतात आणि नावांनाही शिकारा म्हणतात. या मुलखाला उसन्या उपमेची गरज आहे असे मला वाटत नाही. त्या पाण्याखाली नदीकाठची भातखाचरे आहेत, उतारावरची वने आहेत, आणि माणसांची वहिवाटीची वाट आहे. काल जेथे चालत जाता येई तेथे आज नावेखेरीज जाता येत नाही अशी ठिकाणे या काठावर आहेत. एका उद्यानाला ‘हिरवा वन’ असे वारल्यांच्या दैवताचे नाव देऊन आणि सिल्वासात आदिवासींच्या वस्तूंचे संग्रहालय मांडून सरकारने स्मरणाचे काही काम केले, त्याचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु विहाराच्या या नव्या धंद्यात काठावरच्या गावांचा हक्क नावाड्याच्या रोजंदारीपुरता उरू नये. नावेचा परवाना, धक्क्याचा इजारा आणि पाहुण्यांना उतरवून घेण्याची मुभा यांत पहिला वाटा त्या घरांचा असावा, ज्यांची खाचरे तळाशी गेली आहेत.