आपला दुष्काळ आणि आपण स्त्रिया

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढावयाचे ठरले, तेव्हा प्रत्येकीने काही ना काही लिहिलेच पाहिजे असा अध्यक्षाबाईंनी आग्रह धरला. कोणी रांगोळी घेतली, कोणी उन्हाळी पदार्थ घेतले. माझ्या वाट्याला इतिहास आला. मी म्हटले, "बाई, मी सातवी पास. मला कसला इतिहास लिहिता येणार?" त्या म्हणाल्या, "राजेराजवाड्यांचा नको. आपल्या जिल्ह्यातल्या माणसांनी पोटासाठी काय काय केले, तेवढे लिही. सासूबाईंना विचार, वाचनालयातली दोन पुस्तके चाळ, आणि तू स्वतः पाहिलेस ते घाल." म्हणून हे धाडस केले आहे. वाचक भगिनींनी गोड मानून घ्यावे.

आपला बीड जिल्हा बालाघाटाच्या डोंगरावर आणि त्याच्या पायथ्याशी वसलेला. गोदाकाठची गेवराई-माजलगावची जमीन काळी, पण वर पाटोदा, शिरूर, आष्टी, धारूर, केज या बाजूला माळरान आणि मुरूमच जास्त. पाऊस आधीच बेताचा, त्यातही भरवशाचा नाही. एका वर्षी नदी पुलावरून जाते, तर दुसऱ्या वर्षी पोळ्यालाही बैल धुवायला पाणी नसते. तेव्हा दुष्काळ हा आपल्याकडे पाहुणा नव्हे, घरचाच माणूस आहे असे म्हणावे लागेल.

दक्षिणेतला सर्वांत जुना म्हणून सांगतात तो दुर्गादेवीचा दुष्काळ. तो १३९६ साली सुरू झाला आणि बारा वर्षे टिकला, अशी परंपरेने आलेली माहिती आहे. पुढे १६३० चा मोठा दुष्काळ पडला. तुकोबारायांची थोरली बायको त्याच दुष्काळात भुकेने गेली. हे वाचले तेव्हा माझ्या मनात आले की, एवढ्या मोठ्या संताच्या घरीसुद्धा आधी बाईच गेली! त्यानंतर १८७६ ते १८७८ चा दुष्काळ. त्या वेळी आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. सगळ्या दख्खनमध्ये लाखो माणसे दगावली. त्यानंतर इंग्रजांनी दुष्काळाचे नियम बांधले. धान्य नुसते वाटावयाचे नाही, तर सरकारने काम काढावयाचे, काम करील त्याला मजुरी द्यावयाची आणि ज्याच्याने काम होत नाही त्याला अन्न द्यावयाचे, असा त्यांचा मतलब होता.

जुन्या काळी गावोगाव पेवे असत. जमिनीत खोल खड्डा घेऊन आतून लिंपून काढीत, त्यात ज्वारी भरीत आणि तोंड बंद करीत. घरात कणग्या असत. कणगीला शेण-मातीने लिंपणे, धान्यात लिंबाचा पाला घालणे, वर्षाचा हिशेब डोळ्याने मापून ठेवणे ही सगळी बायकांची कामे. घरात किती महिन्यांचे दाणे आहेत, हे बाप्यांच्या आधी बाईला कळत असे. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे.

आता १९७२ चा दुष्काळ. हा मी पाहिला नाही, माझा जन्म त्यानंतरचा. पण सासूबाईंचे वय तेव्हा बावीस होते आणि माझे थोरले दीर अंगावर पीत होते. त्या सांगतात, "विहिरीत उतरून वाटीने पाणी भरलं. बैल विकले, ते कुणी घेतले अन् काय दिलं, ते आता विचारू नको." पाझर तलावाच्या कामावर त्या मातीच्या पाट्या वाहात. मूल झाडाखाली दुसऱ्या मुलीपाशी ठेवावयाचे आणि मुकादमाचा डोळा चुकवून पाजून यावयाचे. कामावर सुकडी मिळे. रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी मिळे. तिची भाकरी थापताना चिरे आणि खाल्ली तर पोटात दुखे. पण तीच खाऊन आमचे घर जगले. आजही कोणी पानात भाकरीचा तुकडा टाकला की सासूबाई म्हणतात, "मिलो खायला घातली पाहिजे यांना."

या दुष्काळाचे एक मोठेपण मात्र सांगितले पाहिजे. वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. मे १९७३ च्या सुमारास राज्यात जवळजवळ पन्नास लाख माणसे सरकारी कामांवर होती. त्यांत बायका फार मोठ्या संख्येने होत्या. खडी फोडणे, रस्ते, नालाबंडिंग, पाझर तलाव अशी कामे चालली आणि पूर्वीच्या दुष्काळांत पडली तशी प्रेते रस्तोरस्ती पडली नाहीत. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना येथे कसाला लागली. पुढे १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. अमर्त्य सेन या अर्थशास्त्रज्ञांनी म्हटले आहे की, दुष्काळात माणसे मरतात ती केवळ धान्य नसते म्हणून नव्हे, तर धान्य घेण्याची ऐपत नसते म्हणून. हे त्यांनी बंगालच्या १९४३ च्या दुष्काळावरून दाखविले. सासूबाईंना मी हे वाचून दाखविले तर त्या म्हणाल्या, "मग, यात नवं काय? दुकानात होतीच की ज्वारी."

दुष्काळ सरला, पण माणसांच्या पायांना वाट लागून गेली. नगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि त्यामागून पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांगच लागली. तिकडे पाणी होते, ऊस होता. तोडावयास हात हवे होते. इकडे हात होते, पाणी नव्हते. १९७२ नंतर आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्यांची संख्या वाढतच गेली. आज दसरा-दिवाळी झाली की गावेच्या गावे रिकामी होतात. मागे राहतात म्हातारी माणसे, कुत्री आणि कुलपे. सांगली, कोल्हापूर, नगर, पार कर्नाटकापर्यंत आपली माणसे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. हिला कोणी दुष्काळ म्हणत नाही, हंगाम म्हणतात. पण मला विचाराल तर दरसाल येणारा हा लहान दुष्काळच आहे.

मी स्वतः सातवीची परीक्षा दिली आणि त्याच दिवाळीनंतर आईबापांबरोबर फडावर गेले. धाकट्या भावाला सांभाळणे आणि भाकरी करणे हे माझे काम. लग्न झाल्यावर यजमानांबरोबर नऊ हंगाम गेले. ज्या भगिनींनी फड पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, म्हणजे जोडप्याला. एकट्या बाईला नाही, एकट्या बाप्यालाही नाही. पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापावयाची, उजाडायच्या आत फडात जावयाचे. बाप्या तोडतो, बाई पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत टाकते. रात्री-अपरात्री गाडी आली तरी भरावयाचीच. एक दिवस घरी बसले तर खाडा धरतात आणि त्याचे पैसे उचलीतून कापतात. मग पाळी असो, दिवस गेलेले असोत की ताप असो.

खाण्याचे म्हणाल तर भाकरी, मिरचीचा ठेचा आणि कधी पातळ कालवण. दूध पाहावयास नाही, भाजी बाजाराच्या दिवशी. नवरा, मुले जेवली की उरेल ते बाईचे. आडोसा नाही म्हणून बाया पाणीही कमी पितात. मीही तेच करीत होते. रेशनकार्ड गावाकडच्या दुकानात आणि आपण दोनशे मैलांवर, असे कित्येक वर्षे चालले. पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायका रक्त कमी असलेल्या निघाल्या आहेत. फडावरच्या बाईचे रक्त कोठून येणार?

आता जे लिहावयाचे आहे ते लिहावे की नाही, याचा मी आठ दिवस विचार केला. माझ्या मोठ्या जाऊबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "लिही. नाव नको, पण लिही." त्यांचे वय तेव्हा बत्तीस होते. अंगावरून पांढरे जाई, ओटीपोटात दुखे, पाळीत उभे राहवत नसे. एका डॉक्टरांनी तपासून सांगितले, "पिशवी खराब झाली आहे, काढून टाका, नाहीतर पुढे कॅन्सर होईल." जाऊबाई घाबरल्या. शिवाय मनात एक हिशेबही होता, की पिशवी गेली तर पाळी गेली आणि पाळी गेली तर खाडा गेला. ऑपरेशनचे पैसे मुकादमाकडून उचलीत घेतले. ते फेडावयास पुढचे तीन हंगाम जावे लागले. दोन महिन्यांच्या आत त्यांच्या डोक्यावर पुन्हा मोळी आली. आज त्यांना पाठीचा कणा साथ देत नाही, अंगातून वाफा निघतात, गुडघे गेले. ज्या खाड्यासाठी हे केले, तोच आता कायमचा झाला.

ही एकट्या आमच्या घरची गोष्ट आहे असे मला वाटत होते. २०१९ साली वर्तमानपत्रांत गाजले तेव्हा कळले की घरोघर हेच आहे. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आपल्या जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे सहा जणींत एक! आपल्या हळदीकुंकवाला साठ बायका जमल्या तर त्यांतल्या दहा. आता आपल्या जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय असे ऑपरेशन करता येत नाही, असा नियम केला आहे. हे चांगलेच झाले. पण रोगाचे मूळ पिशवीत नसून पानात होते, असे मला वाटते. रक्त नाही, विसावा नाही, न्हाणी नाही, दवाखाना नाही. आणि बाईला इलाज म्हणून कळतो तो एकच, कापून टाकणे.

आता पेवाची आणि कणगीची आठवण करा. माझ्या सासूबाईंच्या तरुणपणी आमच्या चार एकरांत ज्वारी, बाजरी, तूर, मूग, हुलगा, तीळ होत असे. आज कापूस आणि सोयाबीन होते. पैसा येतो, पण दाणा विकत आणावा लागतो. आणि पैसा बाप्याच्या खिशात जातो, कणगी बाईच्या ताब्यात होती. एका वर्षी भाव पडला की आधी दूध बंद, मग डाळ पातळ, मग मुकादमाचे दार. २०१६ च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या साली तर मुकादमाच्या दारी रांग होती.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९७५ साली अंगणवाडीची योजना आली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिना पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबास पस्तीस किलो धान्य मिळते. आता ते देशात कोठेही अंगठा लावून घेता येते. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ निघाले. २०२१ साली त्यांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहांची योजना आली. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात चौतीस टक्के वाढ ठरली. पण कायदा कागदावरून फडापर्यंत चालत जात नाही, त्याला कोणी तरी हाताला धरून न्यावे लागते.

जाऊबाईंची धाकटी मुलगी सोळा वर्षांची आहे. यंदा आखाडात तिला स्थळ आले. मुलगा चांगला आहे. पण कोयत्याला जोडीदार हवा म्हणून घाई आहे, हे न सांगता कळत होते. दीर म्हणाले, "मागे पोरीला ठेवायची कुणापाशी? लग्न केलं की काळजी मिटली." जाऊबाई काही बोलल्या नाहीत. उठताना पाठीला हात लावला आणि माझ्याकडे पाहिले. मी आजवर दिरांपुढे कधी बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. "पोर माझ्यापाशी राहील. तिची भाकर माझ्या चुलीवर. बारावी होऊ द्या, मग पाहू." दीर रागाने उठून गेले. चार दिवसांनी सासूबाईंनीच त्यांना सांगितले, "मी मिलो खाऊन तुला जगवलं ते लेकीला फडात घालायला नाही." मुलगी आता अकरावीत आहे. दीर अजून माझ्याशी मोकळे बोलत नाहीत, आणि पुढच्या साली काय होईल हे मी सांगू शकत नाही.

म्हणून भगिनींनो, या वर्धापनदिनी माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, प्रत्येकीने आपल्या रानात निदान चार तास ज्वारी आणि एक तास तूर घरच्यासाठी पेरून घ्यावी आणि मंडळाने दर महिन्यास मूठमूठ धान्य जमवून एक कणगी भरावी. जी घरे फडावर जातात, त्यांच्या मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांसाठी आणि मुलींसाठी ती असावी. दुसरी, दसऱ्याच्या आधी जाणाऱ्या प्रत्येक बाईला आपण बरोबर नेऊन सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्यावे आणि कोणी पिशवी काढावयास सांगितले तर तिने एकटीने होकार देऊ नये, आधी मंडळात यावे.

इतिहास म्हणजे झाले गेले, असे मला शाळेत वाटत असे. पण आमच्या घरात तो पाठीला हात लावून उठतो. कणगी लिंपावयास पुढच्या सोमवारी मी येते. माती मी आणीन, शेण ज्यांच्याकडे असेल त्यांनी आणावे.